कोसरांचें ‘एकवचन’ : एका रूढ मताची परीक्षा

दक्षिण भारताच्या प्राचीन इतिहासावरील ग्रंथांत कोसर नांवाच्या लोकांचा उल्लेख आला म्हणजे त्यांच्या नांवामागें ‘सत्यवचनी’ हें विशेषण बहुधा जोडलेलें असतें. तामिळ भाषेंतील संघकालीन काव्यांत आढळणारे हे शूर व शस्त्रोपजीवी लोक. यांनीं दिलेला शब्द कधीं मोडला नाहीं. अशोकाच्या शिलालेखांतील ‘सतियपुत’ ते हेच. आणि मौर्यांचें सैन्य दक्षिणेंत उतरलें तेव्हां त्याच्या आघाडीस हेच होते, अशी ही विधानांची सांखळी आहे. एक कडी दुसरीस धरून आहे, म्हणून सांखळी मजबूत दिसते. आमच्या मतें तिची पहिलीच कडी कच्ची आहे. ती कशी हें मूळ काव्यांच्या आधारें दाखवावें, आणि उरलेल्या दोन कड्यांचीही परीक्षा करावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

महाराष्ट्रीय वाचकांस या वादाशीं काय कर्तव्य, असा प्रश्न कोणी करील. त्यास उत्तर असें कीं, या सांखळीचें एक टोंक आपल्या दारापर्यंत आणलेलें आहे. ‘सतियपुत’ या नांवाचा संबंध आपल्याकडे आढळणाऱ्या ‘सातपुते’ या आडनांवाशीं असावा, ही सूचना भांडारकरांच्या नांवानें प्रसिद्ध असून ती पुढील ग्रंथांतून वारंवार उद्धृत झालेली आहे. तेव्हां कोसरांच्या सत्यवादित्वाचा निर्णय केवळ तामिळ पंडितांवर सोंपवून आपणांस स्वस्थ बसतां येणार नाहीं.

प्रथम या काव्यांचें स्वरूप ध्यानीं घेतलें पाहिजे. संघवाङ्मय म्हणजे आठ काव्यसंग्रह व दहा दीर्घकाव्यें. त्यांचा मुख्य भाग ख्रिस्ती सनाच्या पहिल्या तीन शतकांतील असें सामान्यतः मानलें जातें. हीं काव्यें कित्येक शतकें ताडपत्रांवर पडून होतीं. उ. वे. स्वामिनाथ अय्यर यांनीं १८८९ सालीं ‘पत्तुप्पाट्टु’, १८९४ सालीं ‘पुरनानूरु’ व १९३७ सालीं ‘कुरुंतोगै’ संपादून छापलें. अशा संपादकांच्या श्रमांमुळें ही सामग्री इतिहासाच्या अभ्यासकांच्या हातीं आली. यांतील कवितांचे दोन वर्ग आहेत. ‘पुरम्’ म्हणजे बाह्य. त्यांत युद्ध, दान, राजस्तुति हे विषय येतात. ‘अहम्’ म्हणजे आंतर. त्यांत प्रेम व विरह येतात. कोसरांचे बहुतेक उल्लेख या दुसऱ्या वर्गांत आहेत, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. ‘अहम्’ कवितेचा नियम असा कीं, तिच्या नायकनायिकांचें नांव घ्यावयाचें नाहीं. त्यामुळें खरे राजे, खऱ्या लढाया आणि खरे लोक तेथें येतात ते उपमानाच्या रूपानें.

उपमान हें श्रोत्यांस आधींच ठाऊक असावें लागतें. म्हणून कोसरांची लोकांत ख्याति काय होती, हें समजण्यास या उपमा फार मोलाच्या आहेत. परंतु उपमा कालक्रम सांगत नाहीं व कारणेंही सांगत नाहीं. शिवाय कवि विशेषण निवडतो तें प्रसंगास साजेल असें निवडतो. अशा स्थितींत विशेषण तेवढें उचलून घेणें व प्रसंग टाकून देणें ही रीति इतिहासाच्या कामीं घातक होय. कोसरांच्या बाबतींत नेमकें हेंच घडलें आहे.

आतां काव्यांत कोसरांचें चित्र कसें दिसतें तें पाहूं. ‘अहनानूरु’ या संग्रहाच्या १५ व्या कवितेंत मामूलनार हा कवि त्यांचा संबंध तुळुनाडूशीं जोडतो. तेथें मोरांचीं वनें आहेत, आणि रिकाम्या हातानें आलेल्या परक्यासही ती भूमि आधार देते. मुलगी प्रियकराबरोबर निघून गेली आहे; ती ज्या वाटेनें गेली ती वाट तुळुनाडूसारखी ओळखीच्या माणसांची असो, अशी तिच्या आईची इच्छा आहे. त्याच संग्रहाच्या ९० व्या कवितेंत नियमम् या गांवचे कोसर येतात. त्यांच्या मुखांवर लोखंडी शस्त्रांचे व्रण आहेत व त्यांची नजर कठोर आहे. २१६ व्या कवितेंत तरुण कोसर समुद्रकांठचीं, शेतांतील व रानांतील फुलें एकत्र गुंफून माळा घालतात. ‘पुरनानूरु’च्या १६९ व्या कवितेंत तेच तरुण मुरुक्कु झाडाचा जाड खांब रोवून त्यावर शस्त्रफेंकीचा सराव करतात, त्या खांबावर घाव बसावेत पण तो उभाच राहावा, तसा आपला नायक शत्रूंचे घाव सोसून उभा आहे, असें कवि म्हणतो. ‘शिलप्पदिकारम्’ या पुढील काळच्या महाकाव्याच्या आरंभींच्या गद्यांत कोंगु प्रदेशांतील तरुण कोसरांनीं कण्णकी देवीचा उत्सव केला व पाऊस पडला, असें सांगितलें आहे. एवंच, पश्चिम किनाऱ्यापासून कोंगुपर्यंत व त्याही पलीकडे या लोकांच्या वस्त्या होत्या, शस्त्राभ्यास हा त्यांचा धर्म होता, आणि ते एका राजाचे नव्हे तर अनेक ठिकाणीं आपल्या बळावर राहणारे लोक होते, इतकें निःशंकपणें म्हणतां येतें.

सत्यवादित्वाचा पहिला आधार म्हणून याच १५ व्या कवितेंतील ‘मेय्’ हा शब्द पुढें केला जातो. पण तामिळ भाषेंत ‘मेय्’ शब्दाचे दोन अर्थ आहेत: सत्य व देह. कवितेंत लगेच मोठ्या अलंकारांचा उल्लेख आहे. तेव्हां ‘सत्यानें परिपूर्ण’ असा अर्थ करण्यापेक्षां ‘अंगभर मोठे अलंकार ल्यालेले’ हा अर्थ सरळ बसतो. ज्याचे दोन अर्थ संभवतात अशा शब्दावर एका समाजाचें शील उभारूं नये.

दुसरा आधार याहून बळकट आहे, आणि त्यास योग्य तें वजन दिलेंच पाहिजे. ‘कुरुंतोगै’च्या १५ व्या कवितेंत औवैयार ही कवयित्री म्हणते कीं, तरुणतरुणीचा स्नेह खरा ठरला, कसा, तर चार गांवचे कोसर नगारे व शंख वाजत असतां जुनाट वडाखालच्या सभास्थानीं जमून जें वचन देतात तें जसें खरें ठरतें तसा. ‘अहनानूरु’च्या २०५ व्या कवितेंत नक्कीररानेंही कोसरांच्या वचनाची दूरवर पसरलेली कीर्ति गाइली आहे, त्यासाठीं ‘वाय्मोळि’, म्हणजे खरें वचन, असा शब्द तो योजतो. हे दोन उल्लेख नाकारतां येत नाहींत. परंतु त्यांतील पहिला नीट पाहावा. तेथें एकेका माणसाच्या सत्य बोलण्याची गोष्ट नाहीं. चार गांवें, एक वड, वाद्यांचा गजर, व मग उच्चारलेला शब्द, ही सगळी सभेची सामग्री आहे. सभेनें ठरविलें तें झालेंच पाहिजे, हा त्याचा अर्थ. ‘मदुरैक्कांजि’ या दीर्घकाव्यांतही मोकूरच्या पळैयन् नांवाच्या नायकाच्या सभेंत कोसर झळकतात. तेथें त्यांस ‘नान्मोळि’ म्हणजे ‘चार वचनांचे’ असें म्हटलें आहे, तें या चार गांवांशीं जुळतें.

आतां मुख्य विशेषणाकडे वळूं. तें ‘ओन्रुमोळि’, म्हणजे ‘एकवचनी’. मराठींत हा शब्द उच्चारतांच आपल्या मनांत एकवचनी रामाची मूर्ति उभी राहते, आणि येथेंच घोटाळ्यास आरंभ होतो. तामिळ कवि हें विशेषण कोणत्या प्रसंगीं वापरतात? ‘कुरुंतोगै’च्या ७३ व्या कवितेंत परणर कवीची सखी नायिकेस सांगते कीं, तुला प्रियकर हवा असेल तर शोक करूं नको, एकवचनी कोसरांनीं नन्नन् राजाचा सुगंधी आम्रवृक्ष तोडून त्याच्या मुलखांत शिरतांना जी निष्ठुर युक्ति योजली, तशी थोडी युक्ति आपणही केली पाहिजे. प्रसंग कपटाचा आहे. ज्याची उपमा कपटास द्यावयाची त्यास त्याच श्वासांत ‘सत्यवादी’ म्हणणें विसंगत ठरेल. ‘एकदां ठरविलें म्हणजे कोणत्याही उपायानें तडीस नेणारे’ हा अर्थ घेतला तर मात्र उपमा लख्ख उमगते.

येथें एका उपपत्तीचा विचार करणें भाग आहे. ‘कुरुंतोगै’च्या २९२ व्या कवितेंत हाच नन्नन् स्त्रीहत्यारा म्हणून निंदिलेला आहे. पाण्याबरोबर वाहत आलेला त्याचा कच्चा आंबा एका मुलीनें खाल्ला. त्या अपराधाबद्दल ८१ हत्ती व तिच्या वजनाइकी सोन्याची बाहुली देऊं केली असतांही त्यानें तिचा वध केला. या दोन कविता जोडून असें सांगतात कीं, कोसरांनीं आंब्याचें झाड तोडलें तें त्या मुलीचा सूड म्हणून, व म्हणून ते न्यायाचे कैवारी. कथा सुंदर आहे. पण २९२ व्या कवितेंत कोसरांचें नांव नाहीं आणि ७३ व्या कवितेंत त्या मुलीचें नांव नाहीं. राजाचा रक्षकवृक्ष तोडणें ही त्या काळच्या युद्धांतील जिंकल्याची खूण होती. तेवढ्यानेंही ७३ व्या कवितेचा अर्थ पुरा होतो.

कोसर खरोखरीच न्यायाचे कैवारी होते काय, याचें उत्तर परणरानेंच दोन ठिकाणीं दिलेलें आहे, आणि तें सत्यवादित्वाच्या पुरस्कर्त्यांस अडचणींत टाकणारें आहे. ‘अहनानूरु’च्या १९६ व २६२ या कवितांत अन्नि मिञिलि नांवाच्या मुलीची हकीकत येते. तिच्या बापाची गाय कोसरांच्या मुगाच्या शेतांत शिरली. कोसरांच्या गांवच्या वडीलधाऱ्यांनीं दया न करतां बापाचे डोळे काढले. मुलीनें व्रत धरलें: भांड्यांत वाढून घेऊन जेवावयाचें नाहीं, स्वच्छ वस्त्र नेसावयाचें नाहीं. ती अळुंदूरच्या तिदियन् नांवाच्या नायकाकडे गेली व तिनें गाऱ्हाणें घातलें. तिदियन्‌नें त्या कोसरांस ठार केलें, तेव्हां तिचा राग शमला. २६२ व्या कवितेंत नायकास प्रियेच्या भेटीनें झालेल्या आनंदास त्या मुलीच्या आनंदाची उपमा दिलेली आहे.

या हकीकतींतील दोन शब्द पाहावेत. १९६ व्या कवितेंत डोळे काढणाऱ्या कोसरांस ‘ओन्रुमोळि’ म्हटलें आहे. म्हणजे जें विशेषण सत्यवादित्वाचें प्रमाणपत्र म्हणून उद्धृत होतें, तेंच कवीनें त्यांच्या क्रूरतेच्या जागीं ठेविलें आहे. आणि २६२ व्या कवितेंत ‘वाय्मोळि’ हें विशेषण कोणास लाविलें आहे? कोसरांस नव्हे, आंधळ्या केलेल्या बापास. गाय शिरली हें त्यानें खरेपणानें सांगितलें, व त्याबद्दल त्याचे डोळे गेले. नक्कीरर जो शब्द कोसरांच्या कीर्तीसाठीं वापरतो तोच शब्द परणर त्यांच्या बळीसाठीं राखून ठेवतो. एका कवितेंतून विशेषण वेंचून दुसरीकडे पाठ फिरविल्यामुळें आजवर या विरोधाकडे पाहिजे तितकें लक्ष गेलें नाहीं.

या सर्व उल्लेखांचा मेळ एकाच अर्थानें बसतो. कोसरांचें एकवचन म्हणजे सभेचा एकमुखी निश्चय. तो मित्राच्या बाजूनें झाला तर मित्र तरतो. ‘अहनानूरु’च्या ११३ व्या कवितेंत अनेक भाले बाळगणाऱ्या कोसरांनीं अहुदै नांवाच्या दात्या नायकाचें रक्षण केल्याचें वर्णन आहे, तें याचें उदाहरण. तोच निश्चय एकाकी शेजाऱ्याच्या विरुद्ध झाला तर त्यास दाद नाहीं. निश्चयाचा खंबीरपणा हा गुण आहे, परंतु तो सत्य नव्हे व न्यायही नव्हे. तामिळ कवींस हा भेद स्पष्ट दिसत होता. आधुनिक ग्रंथकारांनीं तो पुसून टाकला.

आतां दुसरी कडी. अशोकाच्या दुसऱ्या शिलाशासनांत सीमेपलीकडील राज्यें सांगतांना चोल, पांड्य, सतियपुत, केरलपुत व ताम्रपर्णी अशीं नांवें येतात. चोल, पांड्य, केरल हे ठाऊक. सतियपुत कोण, यावर फार शाई खर्च झाली. विन्सेंट स्मिथ यांनीं सत्यमंगलम् हें स्थलनाम पुढें केलें. सातपुते आडनांवाची सूचना वर सांगितलीच आहे. आणि ‘सतिय’ म्हणजे ‘सत्य’ असें गृहीत धरून ‘सत्यवचनी’ कोसर हेच सत्यपुत्र, असेंही प्रतिपादन झालें. या सर्वांत रीति एकच: नांवांचा ध्वनि किंवा अर्थ जुळला कीं माणसें जुळलीं. के. जी. शेष अय्यर यांनीं मात्र संघकालीन राजवंशांचा विचार करून सतियपुत म्हणजे तगडूरचे अदियमान् असें सुचविलें होतें. त्या वेळीं तोही एक तर्कच होता.

१९८१ सालीं या वादाचा निकाल दगडानें दिला. तामिळनाडूंत तिरुक्कोयिलूरजवळ जंबै गांवीं एका गुहेंत ब्राह्मी लिपींतील एका ओळीचा लेख सांपडला. सतियपुत अदियन् नेडुमान् अंजि यानें ही वसती दिली, असा त्याचा आशय आहे. आर. नागस्वामी यांनीं तो प्रसिद्धीस आणला. इरावतम् महादेवन् यांनीं अक्षरवटिकेवरून तो ख्रिस्ती सनाच्या १ ल्या शतकांतील ठरविला. म्हणजे संघकाव्यांतील सुप्रसिद्ध दाता, तगडूरचा (आजच्या धर्मपुरीचा) अधिपति अंजि स्वतःस ‘सतियपुत’ म्हणवीत होता. ‘सतिय’ याचें तामिळ रूप ‘अदिय’. तामिळमध्यें शब्दारंभींचा सकार लुप्त होतो, हें भाषाशास्त्रज्ञांस परिचित आहे. तेव्हां या नांवांत ‘सत्य’ शोधण्याचें कारणच उरत नाहीं. कोसर गेले, सत्यमंगलम् गेलें, आणि सातपुतेही गेले. सातपुते घराण्यांची प्रतिष्ठा त्यामुळें तिळमात्र कमी होत नाहीं. ती अशोकाच्या शासनावर कधींच अवलंबून नव्हती.

कोणी म्हणेल कीं, कोसर हे अदियमानाचेच लोक असतील. पण हा निसटण्याचा मार्गही बंद आहे. अंजीचा आश्रय लाभलेली व त्याच्यावर अनेक कविता रचणारी कवयित्री औवैयारच होय. वडाखालच्या कोसरांची उपमाही तिच्याच नांवावर आहे. अंजीच्या स्तुतिपर कवितांत ती कोसरांस त्याचे लोक म्हणत नाहीं. आणि कोसरांविषयीं बोलतांना चार गांवच्या सभेपलीकडे कोणत्याही राजाचें नांव घेत नाहीं. जी दोघांसही ओळखत होती तिनें दोघांस वेगळें ठेविलें आहे.

तिसरी कडी मौर्यांची. ‘अहनानूरु’च्या २५१ व्या कवितेंत मामूलनार सांगतो कीं, वाऱ्यासारख्या वेगाच्या रथांच्या कोसरांनीं वडाखालच्या सभास्थानीं नगारा वाजवून शत्रूची फळी मोडली, त्या वेळीं मोकूर शरण येईना, म्हणून नवे मोरिय मोठ्या सेनेनिशीं आले, आणि त्यांच्या रथांच्या चाकांसाठीं डोंगर खोदून वाट केली गेली. एस. कृष्णस्वामी अय्यंगार यांनीं १९१८ सालच्या आपल्या ग्रंथांत मामूलनाराच्या अशा उल्लेखांवरून मौर्यांच्या दक्षिणेकडील स्वारीचें चित्र उभें केलें, व तेव्हांपासून कोसर हे मौर्यांचे अग्रदूत ठरले. उल्लेख महत्त्वाचा आहे यांत शंका नाहीं. परंतु त्यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा कीं, त्याच मामूलनाराच्या २८१ व्या कवितेंत मोरियांच्या पुढें कोण होते हें स्पष्ट सांगितलें आहे: ते वडुगर, म्हणजे तामिळ प्रदेशाच्या उत्तरेकडील लोक. कोसर वडुगरांपैकींच असें म्हणावयाचें तर त्यास वेगळा पुरावा पाहिजे. दुसरा असा कीं, ‘मदुरैक्कांजि’ कोसरांस मोकूरच्या सभेचें भूषण म्हणून दाखविते. मोकूरच्या सभेंत बसणारे लोक मोकूरवर परकी सेना आणणारे कसे झाले, याचा उलगडा केल्यावांचून अग्रदूतपण सिद्ध होत नाहीं. काळ वेगळा असेल, गट वेगळे असतील. पण तें गृहीत धरून चालणार नाहीं. कोणी कोसरांस कौशांबीहून आणलें, कोणी त्यांस कुषाणांचे भाऊबंद ठरविलें; या मतांस तर नांवांच्या साम्यापलीकडे आधारच नाहीं.

मग हातीं काय राहतें? राहतें तें थोडें, पण पक्कें आहे. वडाच्या छायेंतील सभा, चार गांवांचें एकमत, खांबावर भाले फेंकणारे तरुण, फुलांच्या मिश्र माळा, मुखावरील व्रण, मुगाच्या शेताचा कडक पहारा, आणि चोलराजा किळ्ळीसारख्या भूमिलोभी सत्ताधाऱ्याच्या हातून झालेला मोड. नक्कीररानें तो त्याच २०५ व्या कवितेंत नोंदविला आहे. राजाशिवाय सभेच्या बळावर राहणाऱ्या शस्त्रधारी समाजाचें हें चित्र तामिळ इतिहासांत दुर्मिळ असून, अशोकाच्या शासनांतील एखाद्या नांवापेक्षां तें अधिक मोलाचें आहे. त्या समाजाचें बळ व त्याचा दोष एकाच मुळांतून निघाले होते, हेंही तें चित्र दाखवितें.

पुढील अभ्यासकांस आमची विनंति एवढीच कीं, कोसरांविषयीं लिहितांना प्रत्येक विशेषणाबरोबर त्याचा प्रसंगही द्यावा, आणि ‘एकवचनी’ याचें भाषांतर ‘सत्यवादी’ असें करूं नये. ही शब्दांची घासाघीस नव्हे. एका समाजास सरसकट सत्यवादी ठरविलें म्हणजे त्याच्या हातून ज्याचे डोळे गेले तो माणूस आपोआप खोटा ठरतो. परणरानें खरेपणाचें विशेषण त्या बापास दिलें आहे. तें त्याच्याकडून काढून घेण्याचा अधिकार इतिहासकारास नाहीं.